वाचकांचे प्रश्न : विहीर बुजवायची, पण कशी?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं बंद पडलेल्या बोअरची आणि पडीक विहिरींची आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येईल. आपल्या काळ्या खडकाच्या प्रदेशात माती, मुरूम, मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक), काळा पाषाण, मध्येच तांबडा गेरूसारखा थर अशी उतरंड असते. पाणी सगळीकडे नसतं, ठरावीक थरांत असतं. मधला घट्ट पाषाण वरच्या घाण पाण्याला खाली जाऊ देत नाही. बोअर मारलं की या सगळ्या थरांमधून एक सरळ नळी तयार होते. बोअर कोरडं गेलं, मोटार काढली, तरी नळी तिथेच राहते. ती बंद करणं म्हणजे फोडलेलं बूच परत बसवणं. नुसता खड्डा भरून ते होत नाही.

प्रश्न : शेतात तीन बोअर कोरडी गेली आहेत. प्रत्येकी ३०० फूट, साडेसहा इंची, वर ३० फूट केसिंग (तोंडाशी बसवलेला पाइप). एकावर दगड ठेवलाय, दोनांत पोती कोंबली आहेत. ट्रॉलीभर मुरूम ओतला तर चालेल का? माल किती लागेल? – शेतकरी, सिन्नर

मुरूम वरून ओतला तर तो तळापर्यंत जाईलच असं नाही. ओलसर मुरमाचा गोळा ५०-६० फुटांवर अडकतो, वर भराव दिसतो आणि खाली अडीचशे फूट पोकळी तशीच राहते. एखाद्या पावसाळ्यात तो गोळा सुटला की तोंडाशी पुन्हा भोक. तुमच्या पोत्यांचंही तेच होणार. ती आधी आकड्यानं बाहेर काढा. कुजलेलं पोतं खाली राहिलं तर त्यावर टाकलेला सगळा माल अधांतरी राहतो.

आधी हिशेब. साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला साधारण २१ लिटर माल मावतो. ३०० फुटांचं बोअर म्हणजे जवळजवळ २,००० लिटर, आपल्या भाषेत पाऊण ब्रासपेक्षाही थोडं कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पूर्ण बोअर सिमेंटच्या पाण्यानं भरायचं तर पन्नासेक पोती लागतील. ते सर्वांत उत्तम, पण तीन बोअरना दीडशे पोती कोणी घालत नाही. म्हणून जिथे पाणी अडवायचं तिथेच सिमेंट आणि बाकी ठिकाणी स्वच्छ खडी, असा मधला मार्ग घ्या :

तळापासून १२० फुटांपर्यंत धुतलेली ६ ते १० मिलिमीटरची खडी, शेवटचे दोन-तीन फूट जाड वाळू. १२० ते १०० फूट सिमेंटचं बूच. १०० ते ४० पुन्हा खडी आणि वर वाळू. ४० फुटांपासून जमिनीखाली तीन फुटांपर्यंत अखंड सिमेंट. खालच्या बुचाला चार पोती आणि वरच्याला आठ-नऊ (हिशेबानं साडेसहाच, पण भेगांत जातं), म्हणजे एका बोअरला १२-१३ पोती. खडी-वाळू अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. बुचाची जागा आंधळेपणानं १२० धरू नका. बोअर मारताना गाडीवाल्यानं जिथे काळा पाषाण लागल्याचं सांगितलं होतं तिथे बूच घ्या. फुटलेल्या मांजऱ्यात बूच बसवलं तर पाणी खडकातूनच वळसा घालून खाली जाईल.

बोअरमध्ये पाणी असेल तर खडी टाकण्याआधी ते निर्जंतुक करा. दर हजार लिटर पाण्याला सुमारे ३३० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी ओतायची. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम टाकते, त्याच्या शंभरपटीहून जास्त हे आहे. दचकू नका, हे पाणी कोणी पिणार नाही. मात्र जवळच चालू विहीर असेल तर आठवडाभर तिचं पाणी पिऊ नका.

आता खडी ओतण्याची पद्धत. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. एका मजबूत दोरीला जाड नट किंवा ओळंबा बांधा, दर पाच फुटांवर खूण करा. १५ लिटरच्या नऊ बादल्या सावकाश ओतल्या की तळ साधारण २० फूट वर यायला हवा. ओळंबा सोडून बघा. तळ ३५-४० फूट वर आल्यासारखा वाटला तर मध्येच खडीचा पूल झालाय. जड लोखंडी सळई दोरीनं आपटून तो पाडा, त्यावर आणखी माल ओतू नका. उलट नऊ बादल्यांत तळ दहाच फूट वर आला तर खडी कपारीत चालली आहे. तिथे जाड खडी टाकून कपार बुजवा. हे मोजमाप कंटाळवाणं आहे, मजूर टाळाटाळ करतात, पण याखेरीज आत काय होतंय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

सिमेंट वरून ओतायचं नाही. पाण्यातून पडताना ते धुपतं, दाणे वेगळे होतात आणि तळाशी चिकट चिखल राहतो, तो कधीच धरत नाही. शेतातला काळा ३२ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप बुचाच्या तळाशी सोडा. हा पाइप पाण्यावर तरंगतो, म्हणून टोकाला दोन-अडीच फुटांची सळई तारेनं आवळून बांधा. वर नरसाळं. एका पोत्याला २२ ते २५ लिटर पाणी, गुठळ्या न ठेवता कालवून चाळणीतून गाळलेलं. लवकर वाहावं म्हणून पस्तीस-चाळीस लिटर पाणी घालतात, तेव्हा सिमेंट खाली बसतं, वर पाणी राहतं आणि सुकल्यावर कडेनं फट पडते. माल वर येईल तसा पाइप वर घ्या, पण त्याचं तोंड कायम तीन-चार फूट मालात बुडालेलं हवं. खालचं बूच २४ तास राहू द्या, ओळंबा आपटून कडक लागलं की पुढची खडी टाका. वरचा टप्पाही दुसऱ्या दिवशी फूट-दोन फूट खाली बसलेला दिसेल, तेवढा पुन्हा भरा.

शेवटी केसिंग. सैल असेल तर चेनपुलीनं वर ओढत ओढत सिमेंट भरा. निघत नसेल तर भोवती तीन फूट खोल, चार फूट रुंद खड्डा घ्या, केसिंग तळाशी कापा. केसिंगच्या बाहेरची फट आपल्याकडे कोणी सिमेंटनं भरत नाही, बोअर मारताना निघालेला चुराच ढकलतात. वरचं घाण पाणी बऱ्याचदा याच फटीतून उतरतं. त्या फटीत जाईल तेवढं पातळ सिमेंट आधी ओता, मग बोअरच्या तोंडावर खड्ड्यात नऊ इंच जाडीची काँक्रीटची छत्री करा आणि वर माती दाबा. नांगर तीन फूट खाली जात नाही, त्यामुळे शेत मोकळंच राहील. जागेचं अंतर बांधापासून मोजून लिहून ठेवा.

प्रश्न : १८० फुटांवर मोटार अडकली. ओढताना पाइप तुटला, दोरही तुटला. बोअर तसंच बुजवू का? – लातूर जिल्ह्यातील वाचक

आधी बोअर कॅमेरावाल्याला बोलवा आणि मोटार कशानं अडकली ते बघा. बाजूचा दगडाचा तुकडा पाचरीसारखा बसला असेल तर मोटार आधी खाली सरकवून मग आकड्यानं ओढली की सुटते. नुसती ताकद लावून वर ओढलं तर पाचर आणखी घट्ट होते.

निघालीच नाही तर तिच्या डोक्यावर खडी टाकू नका, खालचा सगळा भाग पोकळ राहील. चार इंची पंप साडेसहा इंची बोअरमध्ये एका बाजूला कलला की दुसरीकडे अडीचेक इंचाची फट राहते. तिच्यातून २५ किंवा ३२ मिलिमीटरचा पाइप खाली जातो का बघा. गेला तर तळापासून पंपाच्या वर दहा फुटांपर्यंत सिमेंटच भरा, इथे खडीची काटकसर चालणार नाही. नाहीच गेला तर पंपाच्या वरून पोत्यांचा हिशेब न करता निदान ५० फूट सिमेंट घ्या. केबल जेवढी ओढून कापता येईल तेवढी काढा. भरावात लोंबती राहिलेली केबल म्हणजे पाण्याला उतरायला दोरी.

प्रश्न : गावठाणात घराशेजारी पन्नासेक वर्षांची दगडी विहीर आहे. २० फूट व्यास, ४० फूट खोल. लोक कचरा टाकतात, पाणी काळं पडलंय. ती भरून त्या जागी खोली बांधायची आहे. बांधकामाचा राडारोडा फुकट मिळतोय. – सोलापूर

आकार बघा आधी. २० बाय ४० ची विहीर म्हणजे सुमारे १२५ ब्रास. फुकटच्या राड्यारोड्याचा मोह म्हणूनच होतो. पण त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस, रंगाचे डबे, प्लास्टिक, लाकूड असतंच. साखर कारखान्याची राख, प्रेसमड, पाचट, शेणखत हेही नको. कुजणारा माल पाण्याखाली गेला की प्राणवायू संपतो, खडकातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरायला लागतं आणि शेजारच्या बोअरचं पाणी तांबूस यायला लागतं. निव्वळ विटा, दगड, काँक्रीटचे तुकडे निवडून मिळत असतील तर तेवढे घ्या.

काम उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर करा. पंपानं उपसा, कचरा आणि गाळ पूर्ण काढा. इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा. कचऱ्याच्या विहिरीत उतरणारा माणूस जातो आणि त्याला वाचवायला उतरलेले दोघेही जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत अपुरी आहे. तो प्राणवायू फारच कमी असला तर विझतो, पण हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी जळत राहतो. सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे वायू गेला असंही नाही, वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, धूर तळाशी साठतो. गॅस मीटर, हवा ढकलणारा ब्लोअर, कमरेचा पट्टा आणि वर तिकाटण्याला दोर, हे नसेल तर माणूस उतरवू नका. पोकलेनच्या बकेटनं किंवा यारीच्या टोपलीनं निघेल तेवढाच गाळ काढा.

तळाशी दोन फूट पाणी उरलं तर ते १८,००० लिटर होतं, त्याला सहा किलो टीसीएल. मग भराव. तळापासून पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं तिथपर्यंत पाणी वाहू देणारा स्वच्छ माल, म्हणजे दगडाची चीप, खडी, कच. विहिरीच्या झऱ्यांतून शेजाऱ्यांकडे पाणी जात असतं, ते अडवायचं नाही. अर्धी विहीर अशी भरली तर ६० ब्रासच्या आसपास. त्याच्या वर चिकणमातीमिश्र मुरूम, नऊ-नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस किंवा रोलर. एकदम टिपर उलटे केले तर मधोमध सुळका होतो, कडेला पोकळ्या राहतात आणि दोन वर्षांनी तिथेच जमीन खचते.

वरची पाच-सहा फूट दगडी बांधणी पाडून काढा. ती ठेवली तर भराव आणि दगड यांच्या मधल्या सांध्यातून पाणी सरळ खाली जातं. पाडल्यावर विहिरीपेक्षा चहूबाजूंनी तीन फूट जास्त रुंद, तीन फूट जाड चिकणमातीचं झाकण दाबून बसवा, वर दोन फूट मुरूम आणि माती. मध्यभाग दीड फूट उंच ठेवा आणि दोन पावसाळे लक्ष ठेवा, बसेल तेवढी भर घाला.

खोलीबद्दल : भरलेल्या विहिरीवर पाया घेऊ नका. कितीही दाबली तरी १२५ ब्रासची भर भोवतालच्या खडकाइतकी कधी होत नाही. तिथे अंगण, गुरांची सावली, फार तर पत्र्याचं शेड.

प्रश्न : धरणाच्या भिंतीच्या गाभ्यात काळी मातीच दाबतात, पाणी गळत नाही. मग विहिरीवरच्या झाकणाला ती का नको म्हणतात? – निवृत्त शाखा अभियंता, अहिल्यानगर

बरोबर पकडलंत. काळी माती ओली असेपर्यंत तिच्यासारखं बूच नाही. धरणाचा गाभा दोन्ही बाजूंच्या मुरमाच्या भरावाखाली आणि जलाशयाच्या ओलीत कायम ओला असतो. विहिरीच्या तोंडाशी तीच माती एप्रिल-मेमध्ये वाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस, गावठाणातली सगळी घाण घेऊन, भेगा मिटायच्या आत खाली गेलेला असतो. सहा फुटांच्या खाली काळी माती बेलाशक वापरा. वर पिवळी चिकणमाती किंवा मुरूम आणि चिकणमाती निम्मी-निम्मी.

प्रश्न : शेजाऱ्यानं संडासच्या टाकीचा ओव्हरफ्लो त्याच्या कोरड्या बोअरमध्ये सोडलाय. माझी विहीर १५० फुटांवर आहे. शोषखड्ड्याला ५० फूट अंतर पुरतं म्हणतात, मग धोका नाही ना? – पुणे जिल्हा

धोका आहे. ५० फुटांचा तो ढोबळ नियम शोषखड्ड्यासाठी आहे, जिथे पाणी मातीतून झिरपताना गाळलं जातं, जंतू मातीत मरतात. बोअरमध्ये माती आलीच नाही. मैला सरळ खडकाच्या भेगेत गेला आणि भेगेला गाळण नसते. भेग तुमच्या विहिरीकडे असेल तर दीडशे फूट काहीच नाहीत. विरुद्ध दिशेला असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीत.

पाणी तपासायला द्या : कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण देणारे जंतू) आणि नायट्रेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात नको आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. लहान बाळाला ते पाणी देऊ नका. अहवाल घेऊन ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करा. शेजाऱ्याला एवढंच सांगा की दोन शोषखड्डे खणायला त्या बोअरच्या पाइपाइतकाच त्रास आहे.

प्रश्न : बोअर बुजवण्याऐवजी त्यात पावसाचं पाणी सोडून पुनर्भरण केलं तर? – जालना

आधी बोअर पाणी पितं का ते बघा. टँकरनं एकदम १,००० लिटर ओता. बोअरनं काहीच घेतलं नाही तर पातळी दीडशे फूट चढेल. तासाभरात ती उतरली तर बोअर कामाचं, दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर बुजवा, पुनर्भरणाचा खर्च वाया.

कामाचं निघालं तर फक्त छपराचं पाणी, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर सोडून आणि वाळू-खडीच्या गाळणीतून. शेतातलं वाहतं पाणी नको. त्यात युरिया, तणनाशक आणि गाळ असतो. गाळ भेगा बंद करतो आणि बाकीचं ज्या थरात जातं तिथून काढता येत नाही. शेतातल्या पाण्याला शेततळं किंवा समतल चर बरे.

प्रश्न : आम्ही खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात बरं, बोअरचं मीठ. बोअर बंद करायचंय. दुकानदार बेंटोनाइट टाका म्हणतो. – अकोला

बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) गोड्या पाण्यात फुगून भोक आवळून धरतं. खाऱ्या पाण्यात त्याचं फुगणं मंदावतं, मग तो महागडा चिखल. तुमच्याकडे सिमेंटच घ्या आणि ते गोड्या पाण्यात कालवा. बूच दोन थरांच्या मध्ये बसायला हवं. मोटार काढल्यावर दोन-तीन दिवस बोअर शांत राहू द्या, मग तळाशी झडप असलेली नळी वेगवेगळ्या खोलीवर सोडून नमुने काढा आणि टीडीएस पेननं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मोजा. आकडा जिथे एकदम उडी घेतो त्याच्या वर निदान २० फूट अखंड सिमेंट हवं. तिथला थर भुसभुशीत गाळमातीचा असेल तर खडीचा मधला मार्ग सोडा आणि तळापासून वरपर्यंत सिमेंट भरा.

प्रश्न : बोअर बंद करायला परवानगी, दाखला काही लागतो का? – अनेक वाचक

लहान मुलं उघड्या बोअरमध्ये पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये देशभरासाठी सूचना दिल्या. त्यांनुसार सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरायचं आणि ते नीट भरल्याचा दाखला घ्यायचा. चालू बोअरभोवती अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद काँक्रीटचा ओटा, ३० सेंटिमीटर जमिनीत आणि ३० वर, तोंडाला वेल्ड केलेलं किंवा नट-बोल्टचं झाकण. दगड ठेवणं, बारदान बांधणं यात बसत नाही. दाखल्यासाठी ग्रामपंचायत आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय गाठा, कामाचे तारखेसह फोटो आणि भरावाचा तक्ता सोबत न्या. सामाईक विहीर असेल तर सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी. पाळी न घेणाऱ्याचाही हक्क असतो.

प्रश्न : आमची जांभ्या दगडाची विहीर नळ आल्यापासून वापरात नाही. पाणी स्वच्छ आहे. तरी बुजवावी का? – सिंधुदुर्ग

नको. वाहत्या झऱ्याची, बांधलेली, स्वच्छ विहीर बुजवायची नसते, झाकायची असते. गावातली जुनी बारव असेल तर तिलाही हेच लागू. कठडा भोवतालच्या जमिनीपेक्षा अडीच-तीन फूट उंच करा, बाहेरून चार फूट रुंद, उताराचा ओटा. जांभा सच्छिद्र, म्हणून वरच्या आठ-दहा फुटांत आतून सिमेंटचा गिलावा. वर लोखंडी चौकट, डास अडवणारी बारीक जाळी आणि कुलूप लागेल असं दीड फुटाचं दार. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पूर्ण उपसून काढा.